पान्ह्याचा हात

माय, आज वर्गात एका पोरीनं मला प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. तसं मोठं खोटं नव्हतं. दरवर्षी हार्मोनच्या धड्याला मी एका म्हशीची गोष्ट सांगते. कुणा एका शेतकऱ्यानं दुधासाठी म्हशीला रोज इंजेक्शन टोचलं आणि पुढं ती इंजेक्शनाशिवाय पान्हा सोडेनाशी झाली, एवढीच गोष्ट. पोरं ऐकतात, वहीत दोन ओळी लिहितात आणि पुढच्या मुद्द्याकडं वळतात. आज मागच्या बाकावरची एक पोर उठली. तिच्या घरी म्हशी असाव्यात. म्हणाली, "मॅडम, तो शेतकरी कोण होता? आणि त्या म्हशीचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, "होता कुणीतरी. जुन्या पुस्तकात वाचलंय." पोर खाली बसली. माझा खडू मात्र फळ्यावर पुढं सरकेना. तो शेतकरी नव्हताच, माय. ती मी होते, आणि म्हैस आपली होती.

तुला वाचता येत नव्हतं. सोलापूरच्या वसतिगृहातून मी पाठवलेली पत्रं तुला दूध संस्थेचा सचिव वाचून दाखवायचा, तेही केंद्रावर, कॅन भरता भरता, चार माणसांसमोर. त्यामुळं माझ्या पत्रांत तब्येत, अभ्यास आणि तिकडं पाऊस आहे का, याखेरीज काही नसायचं. खरं काही लिहायचं तर ते आधी सगळ्या गावाला कळणार आणि मग तुला. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, वाचून दाखवणाराही राहिला नाही, म्हणून आज बिनघोर लिहिते आहे. तुझ्या हाताबद्दल एक गोष्ट आहे. ती तुला चाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

तुझ्या हाताचं नाव आसपासच्या पाच-सहा गावांत होतं. लोहाऱ्याच्या बाजारात कुणी अडेल म्हैस विकत घेतली आणि घरी आणल्यावर ती दूध देईना, तर माणसं आपली वस्ती विचारत यायची. "पान्ह्याचा हात असलेली बाई कुठं ऱ्हाती?" असं विचारायची. तू चहाचा कप तसाच ठेवून निघायचीस. मला तुझं ते बसणं अजून दिसतं. तू उकिडवी बसली आहेस, पदर कमरेला खोचलेला आहे, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं आहे. आधी पाठीवर हात, मग पोटाखालून, मग कोमट पाण्यानं कास धुवायची, आणि नंतर चारी सडांवरून नुसती बोटं फिरवत राहायचं. ओढायचं नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत असायचीस, त्याला गाणं म्हणता आलं नसतं. मी जात्याच उतावळी. मागं उभी राहून म्हणायची, "काढ की आता." तू मान न वळवता म्हणायचीस, "थांब गं. तिला कळू दे आधी, आपुन आलोय ते. मागाया बसलं की देत न्हाय ती." मग एकाएकी कास ताठ व्हायची, सड फुगायचे, आणि तू हळूच म्हणायचीस, "आली." कोण आली ते मला लहानपणी कधीच कळलं नाही. मला वाटायचं, कुणी बाई येत असेल आतून.

मळ्यातल्या मोठ्या घरी तुला सगळ्यात जास्त बोलावणं असायचं. आपण बौद्ध झालो त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं होत आली होती, पण त्या गोठ्याला ते अजून कुणी कळवलं नव्हतं. तिथं तू म्हशीला पान्हवायचीस आणि "आली" म्हणून उठून बाजूला व्हायचीस, गव्हाणीपाशी भिंतीला लागून. मग मालकीण चरवी घेऊन बसायची आणि धार काढायची. कासेला तुझा हात चालायचा, चरवीला चालायचा नाही. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा तुझ्यासोबत गेले होते. ते सगळं पाहिलं, वरून आपल्या तांब्यात ओतलेलं ताकही पाहिलं, आणि परतताना बांधावर तुझ्याशी भांडले. "तू जाऊ नको त्यांच्यात. त्यांची म्हैस, त्यांनीच पान्हवावी," असं म्हणाले. तू ताक सांडू नये म्हणून तांब्यावर हात ठेवून चालत होतीस. म्हणालीस, "म्हशीला ठावं हाय का कोण कुणाचं ते? ती माझ्या हाताला येती. म्या जातीय ती म्हशीसाठी." मला तुझं बोलणं तेव्हा मुळीच पटलं नाही. सात दिवस मी ताक प्याले नाही, आणि तू सातही दिवस माझ्या वाटचं ताक मजेत पिऊन टाकलंस.

मग गावात दूध संस्था निघाली. शाळेच्या पडवीत केंद्र सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ रांग लागायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तू घरी येऊन हसून हसून बेजार झालीस. रांगेत मोठ्या घरचा गडी तुझ्यापुढं होता. सचिवानं त्याचं दूध मापानं घेतलं आणि कॅनमध्ये ओतलं. मग तुझं घेतलं आणि त्याच कॅनमध्ये ओतलं. तू वाकून कॅनमध्ये बघितलंस. सचिव म्हणाला, "काय बघतीस, बाई?" तू म्हणालीस, "काय न्हाय. आता काढा म्हनावं येगळं." ही गोष्ट तू दादांना सांगितलीस, शेजारणीला सांगितलीस, मला तीनदा सांगितलीस. दादा कारखान्यावर वॉचमन होते, आठ-आठ दिवस घरी नसायचे. ते आले की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं, त्या कॅननं तुला जे दिलं ते कुठल्याच पुढाऱ्याच्या भाषणानं दिलं नसेल.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले तो उन्हाळा दुष्काळाचा होता. विहिरींचे तळ दिसत होते. आपल्या म्हशीचं रेडकू महिन्याभरापूर्वीच गेलं होतं. दुसऱ्या कुणाची म्हैस असती तर रेडकाविना कधीच आटली असती, पण ती नुसत्या तुझ्या हातावर दूध देत होती. आणि मग रोजगार हमीच्या कामावर पाटी उचलताना तू पडलीस. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं तेव्हा तू हाताकडं बघितलंच नाहीस, गोठ्याकडं बघत म्हणालीस, "आता हिचं कसं?" मी म्हटलं, मी आहे ना.

मी होते, पण म्हशीला मी नको होते. पहिल्या दिवशी तिनं चरवी लाथाडली. दुसऱ्या दिवशी तूच सांगितलंस म्हणून मी तुझं लुगडं नेसून, तुझ्यासारखा पदर खोचून गेले. म्हशीनं मला हुंगलं, एकदा डोळा फिरवून पाहिलं आणि माझ्याच पायावर शेण टाकलं. तू बाजेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. "लुगडं माझं हाय, पर हात कुठनं आणशील?" असं म्हणालीस. मला राग आला. कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला येतो तसला, नाकावरचा. कारण मला त्या "आली"चं नाव आता ठाऊक होतं. पुस्तकात होतं ते. हात लागला की जनावराच्या मेंदूतून एक द्रव्य रक्तात सुटतं, ते कासेपर्यंत जातं आणि दूध खाली उतरतं. आणि ते द्रव्य बाटलीत मिळतं हेही मला ठाऊक होतं, सोलापुरातल्या एका तबेल्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हटलं, इतकं काय त्यात. हात नसला तर नसला.

मार्कलिस्टीचं निमित्त काढून मी सोलापूरला गेले. येताना देवीच्या यात्रेकरूंनी एसटी खच्चून भरली होती, तामलवाडीपासून तुळजापूरपर्यंत मी उभी होते आणि डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या आणि काचेची सिरींज वाजू नये म्हणून डबा पोटाशी धरला होता. घरी माठाखालच्या ओल्या वाळूत त्या बाटल्या पुरून ठेवल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाला सुई टोचताना मी कितीदा तरी पाहिलं होतं. गोठा घराच्या मागं आणि तुझी बाज घराच्या पुढं. पहिल्या दिवशी म्हशीच्या मानेजवळ सुई दिली, सिरींज कडब्यात लपवली आणि कासेला हात लावला, तोवर सड फुगले होते. माय, मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंद झाला. चरवी भरून मी पुढच्या अंगणात आले तर तू बाजेवरून उठून उभी राहिलीस. डाव्या हातानं चरवीला वजन घेतल्यासारखा हात लावलास. मग माझा हात धरलास, उलटा केलास, तळव्याकडं बघत राहिलीस.

"उतरला," म्हणालीस. "माझ्या लेकीच्या हाताला गुण उतरला."

त्याच वेळी सांगितलं असतं तर तू फार तर रागावली असतीस. पण तू इतक्या झटकन शेजारणीला हाक मारलीस की मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. वेळ मिळाला होता. सव्वा महिना मिळाला होता. रोज सकाळी नि रोज संध्याकाळी मी सुई टोचत राहिले आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलीस की शिकलेल्या पोरी गोठ्यात जात नाहीत म्हणतात, माझी बघा. सचिव केंद्रावर म्हणाला, "आईच्या वरताण हाय पोरगी." मला ते आवडत होतं. खरंच आवडत होतं. तिसऱ्या आठवड्यात मला कळलं की आधीच्या मापात भागत नाही, थोडं जास्त भरावं लागतं. मी थोडं जास्त भरलं.

मग तुझं प्लास्टर निघालं. हात सुकून काडी झाला होता, बोटं ताठरली होती. बाटल्याही नेमक्या संपल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, आता ज्याचं त्याच्याकडं गेलं. तू न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून गोठ्यात गेलीस, म्हशीच्या कुशीला कपाळ लावलंस आणि बोटं फिरवायला लागलीस. मी दाराशी उभी होते. ऊन गव्हाणीवर आलं. तू थांबलीस, पुन्हा कोमट पाणी मागितलंस, पुन्हा कास धुतलीस. म्हैस शांत उभी होती, तिनं लाथ मारली नाही की शेपूट हलवलं नाही. ती तुला ओळखत होती, तुझा खांदा चाटत होती. पण पान्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. शेजारीण म्हणाली, हाड मोडलं त्यातनं गुण निघून गेला असंल. तुला ते ताबडतोब पटलं. तू आपला उजवा हात मांडीवर ठेवलास, कुणा आजारी माणसाकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत राहिलीस, आणि मग मला म्हणालीस, "जाऊ दे. तुझ्यात गेला न्हवं? घरातच ऱ्हायला." मग तू मला कासेखाली बसायला सांगितलंस, तेव्हा मी म्हैस चाऱ्याविना आटत आलीय असं सांगून टाळलं.

त्याच आठवड्यात मोठ्या घरची मालकीण आपल्या दारात आली. तुला आठवत असेलच. आपल्या वस्तीत तिचं पाऊल त्याआधी पडल्याचं मला तरी आठवत नाही. डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याबाहेर उभी होती. त्यांच्या चांगल्या म्हशीचं रेडकू चाऱ्याविना मेलं होतं आणि तीन दिवस ती कुणालाही कासेला हात लावू देत नव्हती. "चल गं बाई," ती म्हणाली, "कास दगड झालीय तिची. वरडतीय नुसती." तू जागची उठली नाहीस. तिला वाटलं तू मनात काही धरून आहेस. मग तिनं खाली बघत, पटकन, जसं काही नंतर आठवलं तर नाकारता यावं, म्हटलं, "धार बी तूच काढ. चरवी देते तुझ्या हातात. चल."

मी आत चुलीपाशी होते. हे वाक्य ऐकून माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. इतकी वर्षं भिंतीला लागून उभी राहिलीस, आणि ते लोक स्वतःहून चरवी द्यायला आले होते. आणि तू आपला सुकलेला हात तिच्यापुढं धरून म्हणालीस, "माझा हात गेला, मालकीनबाई. आमचीच म्हस येत न्हाय आता हाताला, तुमची कशी येईल?" आणि मग तुझ्या आवाजात एकदम उभारी आली. "पर माझी लेक हाय की. तिला न्या. तिच्या हाताला माझ्यापरीस गुण हाय." दोघींनी माझ्याकडं बघितलं. बाटल्या नव्हत्या, माय. मी म्हटलं, "मला नाही जमणार. परीक्षा आहे माझी. उद्याच निघायचंय." मालकीण निघून गेली. ती म्हैस पुढं कासेच्या दुखण्यानं गेली, असं नंतर कळलं.

काय झालं होतं ते मला नीट कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. एम.एस्सी. झाल्यावर एके दिवशी ग्रंथालयात वाचत होते आणि एकदम तू डोळ्यांसमोर आलीस. सांगते तुला, आता मी पोटासाठी हेच शिकवते. कासेत दुधाच्या मोहरीहून बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती, शिंक्यात मडकं असावं तसं, पेशींचं जाळं असतं. हे जाळं आवळलं की दूध खाली येतं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध असंच वर अडकलेलं असतं, म्हणून पान्ह्याशिवाय तिची धार निघत नाही. तुझा हात लागला की मेंदूतलं ते द्रव्य रक्तातून त्या पेशीच्या दाराशी येतं. पण ते आत जात नाही. पेशीच्या भिंतीत एक प्रथिन आरपार बसलेलं असतं, थोडं बाहेर, थोडं आत. त्याला रिसेप्टर म्हणतात. द्रव्य त्याला बाहेरून चिकटतं, तसं ते जरासं वळतं, आणि त्याच्या आतल्या अंगाला एक खोबण उघडते. आत भिंतीला लागून दुसरं एक प्रथिन पेंगत असतं, मुठीत एक वापरून झालेला कण घट्ट धरून. त्याला जी-प्रोटीन म्हणतात. ते त्या खोबणीत बसलं की मूठ सुटते, जुना कण पडतो, नवा ताजा कण मुठीत येतो आणि ते जागं होतं. त्याचे दोन भाग होतात, दोन्ही आपापल्या कामाला निघतात, त्यातून पुढं एक जण दुसऱ्याला उठवत जातो, शेवटी पेशीत कॅल्शियम सुटतं आणि जाळं आवळतं. तोवर रिसेप्टर दुसऱ्या जी-प्रोटीनला जागं करत असतो, मग तिसऱ्याला. आणि जागं झालेलं जी-प्रोटीन काही वेळानं मुठीतला कण स्वतःच मोडून पुन्हा निजतं. मी पोरांना सांगते, रिसेप्टर आत काहीही पोचवत नाही, तो फक्त आतल्याला उठवतो. ग्रंथालयात हे वाचताना मला गव्हाणीपाशी बाजूला होऊन उभी राहिलेली तू दिसलीस. चरवीला हात न लावता सगळं दूध खाली उतरवणारी.

त्याच पानाच्या मागं दुसरी गोष्ट होती, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले. त्या द्रव्याची हाक फार मोठ्यानं आणि फार दिवस येत राहिली तर पेशी आपला बंदोबस्त करते. रिसेप्टरच्या आतल्या टोकावर ती खुणा करून ठेवते. त्या खुणा ओळखून एक तिसरंच प्रथिन येऊन तिथं ठाण मांडतं, मग जी-प्रोटीनला टेकायला जागाच राहत नाही. पुढं तर आख्खा रिसेप्टरच भिंतीतून काढून आत ओढून घेतला जातो. बाहेर कुणी कितीही मायेनं उभं असलं तरी ऐकणारंच दारात नसतं. तुझ्या हातानं येणारी हाक बारीक होती, झऱ्याच्या पाण्याइतकी, आणि मी सव्वा महिना त्या पेशींवर पूर सोडला होता. आपल्या म्हशीच्या बाबतीत सगळं या एकाच कारणानं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, जनावर हे पुस्तकापेक्षा मोठं असतं. पण तुझ्या हाडातून काही निघून गेलं नव्हतं हे मी शपथेवर सांगते. सुई बंद झाल्यावर हळूहळू नवे रिसेप्टर भिंतीत येतात. काही दिवस, काही आठवडे लागले असते. तू धीराची होतीस, तुला एवढंच कळायला हवं होतं की थांबायचं आहे. आणि मोठ्या घरच्या म्हशीला तर कुणी सुई टोचलीच नव्हती. त्या दिवशी तू नुसती गेली असतीस, तो वाळका हात तिच्या कासेवरून फिरवला असतास, तर ती आली असती, माय. चरवी तुझ्या हातात असती.

आपली म्हैस पुढच्या बाजारात गेली. तू पुन्हा कुठल्याच म्हशीखाली बसली नाहीस. माणसं यायची, तू म्हणायचीस, "आता न्हाय जमत," आणि हळूहळू यायची थांबली. शेवटची वर्षं माझ्याकडं राहिलीस तेव्हा पिशवीतलं दूध पिताना तोंड वाकडं करायचीस, "ह्येला कुणाचा हातच न्हाय," म्हणायचीस. एकदा मी धीर केला. "माय, त्या दुष्काळात आपली म्हैस..." एवढं म्हणाले तोच तू माझा हात धरलास, पूर्वीसारखा उलटा केलास. मला नुकतीच पीएच.डी. मिळाली होती. म्हणालीस, "त्यो गुण तुझ्यात आला म्हून तर तू इतकी शिकलीस. माझ्या हातात ऱ्हाऊन काय झालं असतं? दोन म्हशी." तू त्यावर सगळा हिशेब जमवून बसली होतीस, सुखात होतीस. मी तुझं सुख मोडू नये म्हणून गप्प बसले असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला तो उलटा धरलेला हात सोडवून घ्यायचा नव्हता.

ती मागच्या बाकावरची पोर उद्या पुन्हा समोर असेल. तिला खरं सांगावं असं आत्ता, हे लिहिताना, फार वाटतं आहे. वर्गात उभी राहिल्यावर वाटेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून तिच्याआधी तुला सांगते, आणि तेही सगळ्यात बारीक जे आहे ते. मालकीण गेल्यावर तू वाटी घेऊन बाहेर पडलीस. आपल्या घरात दूध नव्हतं, दही कुठून असणार. तू मोठ्या घरी गेलीस, आत्ताच जिला नाही म्हटलं तिच्याच दाराशी, आणि वाटीभर दही मागून आणलंस. सकाळी एसटीच्या आधी त्यात साखर घालून माझ्यापुढं ठेवलंस. म्हणालीस, "परीक्षेला जाताना खात्यात म्हनं. खा. पोट तरी गार ऱ्हाईल." उजव्या हातानं वाटी धरवत नव्हती म्हणून दोन्ही हातांनी धरली होतीस. मी ते सगळं खाल्लं, बोट फिरवून वाटी चाटून खाल्ली.

परीक्षा नव्हती, माय. कॉलेज उघडायला अजून बारा दिवस होते.